हरेल त्याने भिंत पुसावी

आमच्या घरी रविवारचा एक ठरलेला कार्यक्रम होता. हे क्लबातून स्क्वॉश खेळून आले की मी दारातच विचारायची, "जिंकलात?" आणि हे रॅकेट कोपऱ्यात टेकवून म्हणायचे, "जिंकलो." आता जिंकून आलेल्या माणसाला काम कोण सांगणार? "बसा, दमला असाल," म्हणून मीच चहा पुढे करायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गृहस्थाने घरात इकडची काडी तिकडे केलेली मला आठवत नाही.

क्लब फार जुना. बाहेर पितळी पाटी, जिन्यालगत मिशाळ अध्यक्षांचे फोटो आणि कोर्टाच्या वर लाकडी गॅलरी. बायकांनी व्हरांड्यापर्यंतच यायचं, असा नियम होता. या वर्षी सभासदांनी भांडूनतंडून तो मोडला आणि पहिल्याच रविवारी मी ठेवणीतले कपडे घालून गॅलरीत जाऊन बसले. आयुष्यात एकदा तरी यांना जिंकताना बघायचं होतं.

"तू कशाला येतेस, उकडेल तुला," असं हे म्हणाले होते. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

समोर यांचा मित्र होता, दातांचा डॉक्टर. त्याने यांना असं पळवलं की त्यापेक्षा दात काढून घेतलेला परवडला. हे एकूण एक गेम हरले. असतो एखादा दिवस वाईट, असं मी मनाशी म्हणतेय तोवर हे कोपऱ्यात गेले. लांब दांड्याचं फडकं काढलं, बादलीत बुडवून पिळलं आणि भिंतीवरचे चेंडूचे काळे डाग पुसायला लागले. वरून खाली, सरळ, एक ओघळ न सोडता. फडक्याकडे हात गेला तेव्हा यांनी तिकडे पाहिलंही नव्हतं.

डॉक्टर घाम टिपत वर आले. "इथली जुनी रीत आहे, वहिनी. हरेल त्याने भिंत पुसायची. नोकराने हात लावायचा नाही. पण पुसावी ती यांनीच. इतकी वर्षं आरशासारखी ठेवलीय."

हरल्याचं मला काही वाटलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या फडक्यामुळे. घरी येईपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता.

"घरात पाणी सांडलं तर ओलांडून जाता. आणि तिकडे भिंती धुता? वर मला थापा मारता?"

हे रॅकेट काखेत मारून झपझप चालत होते. दाराशी आल्यावर म्हणाले, "लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी हरूनच आलो होतो. तू दार उघडून विचारलंस. चेहरा असा केला होतास, की हरलो म्हणवेना. मग पुढे तेच चालू राहिलं."

"कसा चेहरा?"

"आरशात बघून नाही कळायचा तो."

असल्या साखरपेरणीला मी भुलणारी नाही. त्याच आठवड्यात क्लबाची सभासद झाले. कॉलेजात बॅडमिंटन खेळलेली मी. खरं जिंकून दाखवून यांची चांगली जिरवायची, असं ठरवलं. रोज संध्याकाळी यांनीच मला शिकवलं. स्वतः हरतात, पण शिकवतात छान, हे मान्य करते.

पहिल्या सामन्याला मी यांना घरीच थांबवलं. हे बघत बसले असते तर माझं चेंडूवरचं लक्ष उडालं असतं. समोर पोस्टातल्या एक बाई आल्या, पूर्वी पोस्टाच्या संघातून खेळलेल्या, माझ्याहून वयाने मोठ्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. त्यांनी जागचं न हलता मला कोर्टभर नाचवलं. एक गेम हाताला लागू दिला नाही. मग मी कोपऱ्यातून फडकं काढलं. पाणी दांड्यावरून सरळ बाहीत उतरत होतं आणि भिंतीवर ओघळ राहत होते. पुसताना रडूच येणार होतं, पण आवरलं.

घरी येताना वाक्य घोकत होते: हरले, त्यात काय एवढं.

बेल वाजवायच्या आधीच यांनी दार उघडलं. "जिंकलीस?"

आणि तो चेहरा मला दिसला. भुवया वर, हसू ओठांशी येऊन थांबलेलं, माझं उत्तर यायच्या आधीच खूश होऊन बसलेला माणूस.

"जिंकले," मी म्हणाले.

यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांपासून कोपरापर्यंत काळे झाले होते. मी ते पाठीमागे नेले, पण उशीर झाला होता.

"बस, दमली असशील," हे म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला.