भिंतीकडची बाजू

मी फुलदाणी बोलतेय. खिडकीखाली शिवणयंत्र आहे ना, त्याच्या शेजारच्या टेबलावरची. बाहेरून काळी, आतून लिंबासारखी पिवळी, कंबर बारीक आणि तोंड एका बाजूला जरासं कललेलं. वय सत्तरीच्या घरात. आजवर मी कुणाबद्दल वाईट बोलले नाही. आज बोलणार आहे, कारण मला किळस आली आहे. माणसं माझ्यात पाणी भरत होती तोवर त्यांचं सगळं मी पोटात घातलं. पण परवा मला पालथं करून माझ्या बुडावरून हात फिरवायला लागली, तेव्हा मात्र शिसारी आली.

समुद्राजवळच्या कुंभारांच्या एका गावात माझा जन्म झाला. मला चाकावर जिने उभं केलं ती कुंभारीण तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ होती. काळ्या रंगात बुडवताना तिने मला तळापाशी धरलं, म्हणून तिथे तिच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे. भट्टीत जाण्याआधी तिच्या नवऱ्याने माझ्या बुडावर झोकात आपली सही केली. तो दिवसभर अंगणात पाइप ओढत बसलेला असे. घाम एकीचा आणि नाव दुसऱ्याचं, ही माणसांची रीत मला अशी जन्मतःच कळली.

बंदरावरच्या बाजारात एका जहाजावरच्या स्वयंपाक्याने मला उचललं. त्याचं लग्न ठरलेलं होतं. दोन सदऱ्यांत गुंडाळून, लाटांचे हेलकावे सोसत त्याने मला घरी आणलं आणि नव्या बायकोच्या हातात दिलं. ती शिवणकाम करायची. तिने मला खालीवर पाहिलं, ‘छान आहे हं’ म्हणाली आणि लगेच नळाखाली धरलं. पोटात पहिल्यांदा गार पाणी पडलं आणि मला कळलं, आपण कशासाठी आहोत ते. त्या दिवसापासून मी तिच्या यंत्राशेजारी उभी आहे. फुलं असली तर फुलं, नसली तर पुदिन्याची जुडी. मला चालायचं.

स्वयंपाक्याने पुढे जहाज सोडलं आणि एका कारखान्याची खानावळ धरली. पण जहाजावरचा हुकूम काही त्याच्या अंगातून गेला नाही. माणूस मनाने वाईट नव्हता, असं शेजारपाजारचे म्हणायचे. शेजाऱ्यांना काय जातंय म्हणायला? घरात काही सांडलं, फुटलं की तो सात वर्षांच्या लेकीला दंडाला धरून जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत कोंडायचा आणि बाहेरून कडी घालायचा. तिचं रडणं मी ऐकलं आहे. आधी मोठं, मग बारीक, मग काहीच नाही. बायको मध्ये पडली की तो कोंडण्याचा वेळ दुप्पट करी, म्हणून तिने मध्ये पडणं सोडलं होतं.

एकदा दुपारी लेक खोलीत दोरीवरच्या उड्या मारत होती. दोरीची लाकडी मूठ तिच्या हातातून सुटली ती थेट माझ्या तोंडावर बसली. दोन बोटं रुंदीचा तुकडा उडून यंत्राखाली गेला. आता मी म्हणजे तिच्या बापाची सगळ्यात लाडकी वस्तू. पोरीने दोरी टाकून आईचा पदर धरला.

“आई, कोळशाची खोली नको.”

आईने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजले होते. तो सहाला येई. तिने पोरीला ओरडायलासुद्धा वेळ घालवला नाही. तुकडा शोधला, सरसाने बसवला, जिथे चुरा झाला होता तिथे प्लास्टर भरलं. मग पोरीची रंगपेटी घेतली. कापडाशी धागा जुळवणं हे तिचं रोजचं काम, त्यामुळे काळ्यात किती निळा आणि पिवळ्यात किती पांढरा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. वरून नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश फिरवलं, चुलीच्या उबेला मला वाळवलं आणि सांधलेली बाजू भिंतीकडे करून ठेवून दिलं.

सहाला तो आला, हात धुतले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आज फुलं छान आहेत.”

“हो ना,” ती म्हणाली.

तेव्हापासून माझी ती बाजू कायम भिंतीकडे. मला पुसायचं ते तिनेच, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वर्षं गेली, तो गेला, तरी तिने मला फिरवलं नाही. सवय म्हणा, भीती म्हणा. लेक शिकली, चांगल्या नोकरीला लागली, आईजवळच राहिली. दोरी ती कधीच विसरली. फक्त अजून दिवा लावून झोपते आणि विचारलं तर म्हणते, रात्री वाचायची सवय आहे.

एवढं सगळं मी पोटात घातलं होतं. मग लेकीने माझा फोटो काढून कुठेतरी पाठवला आणि घरात हातमोजेवाला आला.

जुन्या चिनीमातीचा व्यापार करणारा माणूस. पांढरे सुती हातमोजे चढवून त्याने मला उचललं, फुलं चिमटीत धरून वर्तमानपत्रावर टाकली, पाणी कुंडीत ओतलं आणि मला पालथं केलं. माझा चेहरा नाही पाहिला, कंबर नाही पाहिली, पहिलं बूड! सही दिसली आणि त्याच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

“ताई, फ्रेंच आहे. पन्नासच्या दशकातली, अस्सल. आणि हा अंगठा पाहा. उस्तादाचा अंगठा!”

उस्ताद अंगणात पाइप ओढत होता रे मेल्या, असं मला ओरडावंसं वाटलं.

“आजी, तुम्ही यात पाणी घालता?” त्याने अशा आवाजात विचारलं, जशी काही ती मला विषच पाजत होती.

“फुलदाणीत पाणी नाही घालायचं तर काय, डाळ भरायची?” म्हातारी म्हणाली.

मग त्याने आपल्या काचेच्या कपाटाचा फोटो दाखवला. माझ्यासारख्या चाळीसजणी, ओळीने, कुलपात. एकीच्याही पोटात थेंब नाही. कलेवर आपलं फार प्रेम आहे, असं तो तीनदा म्हणाला.

जाताना तो म्हणाला, “आतला पाण्याचा साका तेवढा काढून ठेवा. कुठे जोड, टवका नसला तर तुम्ही म्हणाल ती किंमत.”

लेकीच्या डोळ्यांपुढे नवी गाडी नाचायला लागली, रंगासकट. तिने माझ्या पोटात संडास घासायचं ॲसिड ओतलं. साठ-सत्तर वर्षांच्या फुलांची रेघ होती ती माझ्या आत. फेस होऊन वाहून गेली. त्या वासाने म्हातारीला ठसका लागला.

“आई, हिला कधी काही झालं नाही ना? मला लिहून द्यायचंय.”

म्हातारीचं यंत्र थांबलं. मी वाट पाहत होते. ‘फुटली होती’ एवढे दोनच शब्द तिने तोंडातून काढले असते, तर मी या टेबलावर राहिले असते. पण मग लेकीने विचारलं असतं, कुणी फोडली? आणि तो धागा थेट कोळशाच्या खोलीपर्यंत गेला असता.

“तुझे बाबा फार जपायचे तिला,” म्हातारी म्हणाली आणि पुन्हा यंत्र चालवायला लागली.

“झालं तर मग. आणि तुला काय गं, बाटलीत ठेवली फुलं तरी चालतील.”

खरं सांगते, त्या क्षणी मला दोघींचाही वीट आला. एक विकायला निघालेली आणि दुसरी मूग गिळून बसलेली.

दोन दिवसांनी हातमोजेवाला परत आला. या खेपेला त्याच्याकडे एक छोटासा जांभळा दिवा होता. भर दुपारी त्याने खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दाराखालच्या फटीत सतरंजी कोंबली. खोलीत काळामिट्ट अंधार झाला. लेकीने चाचपडत म्हाताऱ्या आईचा हात शोधला आणि घट्ट धरून ठेवला.

जांभळा उजेड माझ्यावरून फिरत फिरत भिंतीकडच्या बाजूला आला. तिथे दोन बोटं रुंदीचा तो तुकडा भुतासारखा पांढरा चमकला.

“शी!” हातमोजेवाला म्हणाला. “सांधलेली आहे. मेलेला माल.”

त्याने पडदे सरकवले, हातमोजे असे काढले की जणू मला महारोग झाला होता, आणि लेकीने सही करून दिलेला कागद टेबलावर टाकला. “जोड नाही म्हणून लिहिलंत? लोकांना फसवायचे धंदे आहेत हे.” गेला तो. अस्सल आणि उस्ताद दोन्ही विसरून गेला.

उजेड झाल्याबरोबर लेकीने आईचा हात सोडला, तापलेल्या तव्याला लागल्यासारखा.

“तू फोडलीस ना? आणि लपवून ठेवलंस! तुझ्या धांदरटपणापायी आज मला चोर ठरवून गेला तो.”

म्हातारीने मला धुतलं, तीनदा विसळलं, पाणी भरलं, वर्तमानपत्रावरची फुलं परत माझ्यात खोचली. मग टेबलावर ठेवताना, आयुष्यात पहिल्यांदा, सांधलेली बाजू खोलीकडे केली.

“असं का ठेवलंस? जोड दिसतोय,” लेक फणकाऱ्याने म्हणाली.

“दिसू दे. तुझ्या दोरीची मूठ लागली होती तिथे. चार वाजले होते आणि तुझे बाबा सहाला यायचे.”

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर दारातून जिन्याकडे गेली, जिथे आता जुन्या चपला आणि सायकलचा पंप ठेवतात. ती एकदम उठली आणि मला परत भिंतीकडे फिरवायला लागली. म्हातारीने तिचे हात धरले.

“राहू दे गं. आता घरात कुणी कोंडणारं नाही.”

ती तशीच आईच्या मांडीवर कोसळली. पन्नाशी उलटलेली बाई, सात वर्षांची असल्यासारखी रडली.

मला तिची कीव आली, पण किळस अजून गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? ॲसिडची चव इतक्यात जात नाही. तुमच्याही घरात माझ्यासारखी कुणी असेल, तर एवढं करा. तिला पालथी घालून नाव शोधत बसू नका. पाणी घाला. आणि ती वर्षानुवर्षं भिंतीकडे पाठ करून उभी असेल, तर कधीतरी दिवसाउजेडी तिला फिरवून बघा.