एकाच बाटलीतलं खाद्य

प्रयोगशाळेत त्याला सगळे 'दाईबाई' म्हणत. गेली एकवीस वर्षं तो मूत्रपिंडाच्या पेशी सांभाळत होता. दिवसाआड त्यांच्यावरचं जुनं खाद्य काढायचं, ताजं लाल खाद्य घालायचं आणि त्या चपट्या डब्या पुन्हा उबेच्या कपाटात ठेवायच्या. घरात लग्न असो की अंगात ताप, खंड नाही. "तुमच्या लेकरांना सुट्टी नाही, म्हणून मलाही नाही," असं बायको म्हणायची, आणि तो मान खाली घालून हसायचा.

त्या दिवशी दुपारी थोरल्या भावाची मुलगी आली. नुकतीच डॉक्टर झालेली. स्टूल ओढून ती त्याच्या ओट्याशी बसली.

"काका, दिला अर्ज."

"कुठला?"

"असं काय विचारता? संशोधनाचा. इस्पितळातल्या नोकरीला काल नाही म्हणून कळवलं. बाबांनी अबोला धरलाय. आई म्हणते, घरात एक दाईबाई होती ती पुरे नव्हती का?"

त्याच्या हातातली काचेची नळी तशीच अधांतरी राहिली.

"आणि विषय?"

"तुमच्याच पेशी. पुढची पाच वर्षं त्यांच्यावर औषधं तपासायची. इथल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, काकांच्या पेशी डोळे झाकून घ्याव्यात."

त्याने नळी खाली ठेवली. खण उघडला, तळाशी सारलेलं, पेशींच्या तपासणीच्या अहवालाचं पाकीट काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. बोलणं त्याला आयुष्यात कधी वेळेवर जमलं नव्हतं.

तिने कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"ह्या मूत्रपिंडाच्या नाहीत."

"नाहीत. फुप्फुसातल्या गाठीच्या आहेत. पलीकडच्या ओट्यावर त्या वाढवायचे. त्यातला एखादा थेंब आला. त्या भराभर वाढतात. आपल्या मागे पडल्या, मेल्या."

"कधी?"

त्याने जुनी वही काढली. पान शोधावं लागलं नाही, खूण घातलेलीच होती. बारा वर्षांपूर्वीची तारीख, खाली त्याचंच सुबक अक्षर: खाद्य कमी पडले. आज दोन्ही ओट्यांना एकच बाटली वापरली. प्रत्येक जातीच्या पेशींना आपापली बाटली, हा नियम तो नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचा. त्या एका दिवशी शेजाऱ्याची अडचण भागवली, याचं उलट त्याला बरंच वाटलं होतं.

"म्हणजे बारा वर्षं..."

"हो. छापलेलं सगळं संशोधन चुकीचं. तीन प्रयोगशाळांना या पेशी दिल्यात, त्यांचंही."

तिने कागद उलटून वरची तारीख पाहिली. या एका गोष्टीला तो घाबरत होता.

"काका, हे येऊन पाच आठवडे झाले."

"हो."

"रविवारी मी तुमच्याकडे जेवले. तेव्हा हे इथे होतं."

"होतं."

"तुम्ही मला विचारलंत, झोप नीट लागते का म्हणून."

तो ओट्यावरचा नसलेला डाग बोटाने घासत राहिला. "मला वाटलं, तू शेवटी इस्पितळच धरशील. दादा ऐकायचा नाही, असं वाटलं."

"म्हणजे मग सांगायची पाळीच आली नसती."

त्याने मान हलवली. खरं होतं ते.

तिने तिथूनच इस्पितळात फोन लावला. "हो, कालच कळवलं होतं मी... बरं. जागा कधी भरली?... नाही, ठीक आहे. ठीक आहे." फोन तिने पर्समध्ये नीट ठेवला. तिचा आवाज चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मॅडमना माहीत आहे?"

"नाही."

"चला मग. मी येते बरोबर. तुम्ही एकटे दारापर्यंत जाल आणि परत याल."

तो उठला. भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर गेली आणि हात आपसूक उबेच्या कपाटाकडे वळला. आज खाद्याचा दिवस होता. मग आत आपल्या पेशी नाहीतच हे त्याला आठवलं, आणि हात कडीवरच थांबला.

"घाला," ती दारातून म्हणाली. "दाखवायला तरी जिवंत लागतील."

त्याने खाद्याची नवी बाटली काढली. सवयीप्रमाणे पेन घेतलं, बाटलीवर पेशींचं नाव लिहायला. पेन टेकवलं आणि तो तसाच उभा राहिला. ती पाठ करून वाट बघत होती.