फळ्यासमोरची मोना

“मॅडम, ‘घरशाळा’ असा प्रकारच न्हाई आमच्या यादीत,” फोनवरची तृप्ती सांगत होती. “ट्यूशनमधी टाकू का? पण तिथं दीडशे नावं हायेत. तुमचं नाव पार तळाला जाईल.”

दैवशालाने फोन खांद्याशी दाबून धरला आणि समोर बसलेल्या बेबीनंदाच्या वहीतली वजाबाकी तपासली. तृप्ती जालन्याच्या एका ऑनलाइन डिरेक्टरीत कामाला होती. मंडपवाले, दातांचे डॉक्टर, बोअरवाले, जिल्ह्यातले सगळे तिच्या डिरेक्टरीत होते.

“दुसरं काही नाही का?”

“‘विशेष मुलांची शाळा’ हाय. अख्ख्या जिल्ह्यात चारच नावं. एखादा हसरा फोटो टाकला ना मॅडम, तर तुम्ही बराबर पहिल्या नंबरला.”

‘विशेष’ हा शब्द दैवशालाला कधीच आवडला नव्हता. विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं शिकवताना तिने पाहिलं होतं, एखाद्या पोराला विशेष म्हटलं की त्याला मागच्या बाकावर टाकून द्यायला सगळे मोकळे. ती शाळा बंद पडली तेव्हा तिने कुंभार पिंपळगावात आपल्याच घराच्या पुढच्या खोलीत ‘ओसरी’ सुरू केली, ती अशाच मागच्या बाकावरच्यांसाठी. नाव शाळेच्या पटावर आणि मूल मात्र घरात, अशी पाच जणं. त्यांना त्यांच्या चालीने शिकवायचं आणि मुक्त विद्यालयातून दहावीला बसवायचं. त्यातली तिघं यंदा परीक्षा देऊन जाणार होती. राहणार दोन. दोन पोरांच्या शाळेला काय म्हणायचं, असं तिने विचारलं तेव्हा रामप्रसाद, तिचा नवरा, म्हणाला होता, “संसार म्हणायचं.” ती हसली होती, पण ते लागलं होतं.

“टाका मग तिथंच,” ती म्हणाली.

फोटो निवडायला वेळ लागला नाही. वर्गसमीकरण सोडवून मोना फळ्यासमोर वळून हसत होती, नाकाला खडू लागलेला. दैवशालाच्या पाच पोरांत हीच खरी हिऱ्यासारखी. सरकी-ढेपेचे व्यापारी हुकमचंद शेठ यांची ही धाकटी मुलगी. पाचवीत असताना प्रार्थनेच्या वेळी तिला फिट आली, आणि शाळेने सांगितलं, बरी झाली की आणा. चार वर्षं ती घरातच होती. गावात शेठ सांगायचे, पोरगी मॅडमकडे शिवण शिकायला जाते. दैवशालाच्या घरात शिवणयंत्र नाही हे गावाला ठाऊक होतं, पण गाव एवढं तरी समजून घेतं. आता औषधं वेळच्या वेळी चालली होती आणि चौदा महिन्यांत एकदाही फिट आली नव्हती.

“टाकू का गं हा फोटो?” तिने मोनाला विचारलं.

“टाका की मॅडम! माझा फोटो कुठंच न्हाई. ताईचे किती हायेत.”

शेठना मात्र तिने विचारलं नाही. राहून गेलं असं नाही. ते नको म्हणतील हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

फोन यायला लागले. एकाला सरकारी अनुदान हवं होतं, एकाला बाक विकायचे होते. नवव्या दिवशी सेलूहून एका बाईंचा फोन आला. बोलणं मोठं मिठ्ठास.

“माझ्या भाच्यासाठी विचारून राह्यले. त्याचं बी जरा तसंच हाय. तुमच्याकडं सुधरतात का हो अशी लेकरं?”

“सुधारतात म्हणजे काय, फोटोतलीच मुलगी बघा ना!” दैवशाला खुलली. तिला तेवढंच हवं होतं. “फिट यायच्या म्हणून चार वर्षं घरात बसवली होती. आज गणितात माझ्या पुढे धावते. एप्रिलमध्ये दहावीला बसतेय.”

“अगं बाई! अजून येतात का फिट?”

“औषधं चालू आहेत. ती चालूच राहतील. पण हुशारी कुठं कमी झालीय?”

“तिथलीच का?”

“इथलीच, दुकानदाराघरची. नाव नाही सांगत मी, पालकांना आवडत नाही.”

नाव सांगितलं नाही, याचं तिला फोन ठेवताना समाधानही वाटलं.

सोमवारी मोना आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी वर्ग सुटल्यावर दैवशाला पेठेत शेठच्या दुकानावर गेली. शेठ गादीवर बसले होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, गड्याला गोदामात पाठवलं आणि मगच बोलले.

“सेलूच्या मौसीनं फोन केल्ता ना तुम्हाला?”

दैवशालाने मान डोलावली.

“आमच्या थोरल्या एकताची सोयरीक चालू होती तिथं. मुलाची मौसी ती. मोबाइलवर आमचं गाव टाकून पाह्यलं त्यांनी, कसं गाव हाय म्हणून, तर तुमचं पान निघालं. मुलगी बघायला आल्ते तवा मोनानंच पाणी दिल्तं त्यांना. चेहरा ध्यानात राह्यला.” शेठचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “म्हणे, धाकटीला असं हाय तर मोठीला नसंल कशावरून? लपवलं का म्हणे. मोडली सोयरीक. काय बोलू मी? लपवलंच होतं.”

“शेठ, मी नाव नव्हतं हो सांगितलं,” ती म्हणाली, आणि वाक्य तोंडातून निघताच तिला स्वतःची शिसारी आली. शाळेला पोरं मिळावीत म्हणून तिने पोरीचं दुखणं बाजारात मांडलं होतं. “माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.”

“तो फोटो काढा फक्त.”

तिने तिथूनच तृप्तीला फोन लावला. तृप्ती बिचारी गोड बोलली. काढायला अर्ज करावा लागतो, महिना लागेल. “अन् मॅडम, आपल्याकडून अजून तीन-चार साइटींनी उचललाय तो. त्यांचं आमच्या हातात न्हाई.” शेठना हे कसं सांगावं ते तिला कळेना. तिने तसंच्या तसं सांगितलं. शेठनी मान हलवली, जणू त्यांना तेच अपेक्षित होतं.

“मोनाचं हॉलतिकीट आलंय शेठ,” उठता उठता ती म्हणाली. “अठरा दिवस राहिलेत. मी स्वतः जालन्याला नेते, केंद्राबाहेर थांबते, औषध माझ्याजवळ ठेवते. तिचं वर्ष नका घालवू.”

“जालन्यात आमच्या समाजाची चाळीस घरं हायेत मॅडम. तिथं पेपर लिहिताना काही झालं तर?” त्यांनी समोरची वही मिटली. “परीक्षा पुढच्या सालीबी असती. एकताचं वय थांबत न्हाई.”

दैवशाला दुकानाबाहेर पडली. दुकानाच्या बाजूने घरात जाणाऱ्या जिन्याशी शेठच्या आई, इचरजबाई, उभ्या होत्या. दैवशाला जवळून जाताना त्या हळूच म्हणाल्या, “वरती बसून रोज गणितं करून राह्यली. मी करू देते. कुनाला सांगू नका.”

दैवशाला त्यांच्या पायाशी वाकली, तशा त्या आत गेल्या.

गणिताच्या पेपरला ती दहावीच्या बाकीच्या दोघांना घेऊन पहाटेच्या एसटीने जालन्याला आली. केंद्राच्या भिंतीवर बैठक क्रमांकांचा कागद चिकटवला होता. मोनाचाही नंबर होता त्यात, खोली क्रमांक चार. दोघं आत गेली, शिपायाने फाटक लावलं. दैवशाला समोरच्या लिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली. पिशवीत तिसरं हॉलतिकीट होतं. कुणी ऐन वेळी रिक्षातून आणून सोडलंच तर, म्हणून तिने ते आणलं होतं. सव्वा तास झाला, कुणी आलं नाही.

फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

“ओसरीवाल्या मॅडम का? मी साळूबाई, अंतरवालीहून. माझ्या पोराला फिट येतात हो. शाळेवाले घेईनात. पुतन्यानं मोबाइलवर तुमचं दावलं. ती फळ्यासमोरची पोरगी… तिला बी येत होत्या म्हंते कुनी. खरं हाय का?”

दैवशालाने पिशवीतलं हॉलतिकीट चाचपलं.

“पोरगं रोज तो फोटो बघतंय मॅडम. म्हंतंय, ती शिकली तर मी बी शिकतो. हाय ना ती तुमच्याकडंच? शिकून राह्यली ना?”

रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती. ती पुढे गेली तशी दैवशालाने मान वर केली. समोर चार नंबरच्या खोलीची खिडकी उघडी होती.

“आज तिचा गणिताचा पेपर आहे,” ती म्हणाली.

“अगं माय! मंग न्हाई बोलत आता, तुमचा येळ खाऊन राह्यले.” बाईचा आवाज आनंदाने भरून आला होता. “तिला म्हनावं, घाबरू नको, बिलकुल घाबरू नको. अंतरवालीच्या साळूबाईनं सांगितलंय म्हनावं. सांगताल ना?”

“सांगते,” दैवशाला म्हणाली.