उन्हाचं माप

सासूबाईंनी गुडघा टेकून फरशीवर खडूची रेघ ओढली.

"साडेदहाचं ऊन इथवर. रेघेच्या आत बस."

"आई, उन्हालाही टेप लावणाऱ्या तुम्हीच!" सातवा महिना लागलेली सून हसत खाली बसली.

सुनेची नोकरी तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व फार कमी निघालं, तेव्हा डॉक्टरांनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली आणि थोडं ऊनही घ्या म्हणाले. गोळीवर सासूबाईंचा विश्वास बेताचाच. ऊन मात्र त्यांनी मनावर घेतलं. तीस वर्षं खिडकीशी ठाण मांडून असलेलं शिलाई मशीन त्यांनी अंधाऱ्या कोपऱ्यात ढकललं. खिडकी अर्थातच बंद होती. दवाखान्यांचे पांढरे कोट शिवायचे म्हणजे धुळीशी कायमचं वैर. धंदा मांडला त्याच वर्षी त्यांनी दोन्ही तावदानं स्क्रूने पक्की करून टाकली होती.

तपासायला आलेल्या नर्सबाईंनी आधी रक्तदाब घेतला, मग खडूच्या रेघा पाहिल्या, मग खिडकी.

"ही उघडत नाही?"

"धूळ येते हो."

"मग हे ऊन नुसतं शेकायला. काचेतून ड जीवनसत्त्व मिळत नाही."

सुनेचा हात पोटावर गेला. "आणि बाळ?"

"गोळी चालू आहे ना? ती चुकवू नका. घाबरू नका."

"पूर्वी कुठे होत्या गोळ्या?" सासूबाईंनी मुलाच्या नव्या पँटची शिवण उसवत, वर न बघता विचारलं.

"आईलाच कमी पडलं, आणि बाळालाही ना ऊन ना औषध, तर कधी कधी हाडं मऊ राहतात. चालायला लागलं की पाय वाकतात."

उसवणं तिथेच थांबलं.

दाराशी उभं राहून ऐकत असलेला मुलगा नर्सबाईंना जिन्यापर्यंत पोचवायला गेला. सासूबाई त्याची चाल बघत राहिल्या. त्याच्या पँटी त्या गुडघ्यापाशी अशा बेताने सैल कापत, की पायांचा बाक कुणाच्या ध्यानात येऊ नये. तरी कुणी विचारलंच तर, "आजोबांवर गेलाय." आजोबांना इथे कुणी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणी खोदून विचारत नसे. त्याचे पोटातले नऊ महिने आणि मशीनशेजारच्या टोपलीतलं पहिलं वर्ष, दोन्ही याच काचेआड गेली होती.

त्यांनी मशीनच्या खणातून स्क्रूड्रायव्हर काढला. गंजलेले चार स्क्रू निघायला वेळ लागला. पहिलं तावदान उघडलं आणि वाऱ्याबरोबर धूळ आत आली, टांगलेल्या कोटांवर बसली.

"आई, कोट!" मुलगा दारातून ओरडला.

"असू देत. धुतले की झालं."

तो जवळ आला. सासूबाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं, या वेळी माप घेण्यासाठी नव्हे.

"तुझ्या आजोबांचे पाय सरळ होते रे."

मुलाने एकदा स्वतःच्या पायांकडे, एकदा उघड्या तावदानाकडे पाहिलं. मग त्याने आईच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दुसऱ्या तावदानाला लावला.