लिंबाची फांदी

"आग दिसली की विझवायची! त्यात विचार काय करायलीस?"

असं लेकीवर ओरडतच ह्यांनी कडुलिंबाची फांदी मोडली. बरकतपुऱ्याच्या घरून तिचा डबा घेऊन आम्ही दोघं शहराबाहेरच्या राखीव जंगलात आलो, तर समोर गवत पेटलेलं. हे वनखात्यातून रिटायर झालेले. ओल्या फांद्यांनी आगी झोडपण्यात ह्यांचा जन्म गेला. आता त्याच जंगलाची अधिकारी आमची त्रिवेणी.

वाद घरात रोजचाच. त्रिवेणी म्हणायची, दर वेळी लहान आग विझवत गेलं की वाळला पाला साठत जातो आणि एक दिवस सगळं जंगलच जातं. म्हणून थंडीत तिने मुद्दाम गवत जाळून रुंद पट्टा मोकळा केला होता. आग तिथवर येऊन आपोआप मरेल, असं वरच्या साहेबांना छातीठोक सांगितलेलं. पट्ट्याच्या अलीकडे, आमच्या पाठीशी, दाट झाडी होती. आग तिथे शिरली असती तर पोरीची पत गेली असती.

"अप्पा, थांबा. पट्टा ओलांडून कुणीच जायचं नाही." त्रिवेणीचा आवाज चढला नव्हता, पण तो हुकूमच होता.

गार्ड अनिल ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने घाबरून विचारलं, "साब, जाऊ का?"

ह्यांनी भल्याभल्या साहेबांचं ऐकून घेतलेलं नाही.

"मला काय विचारायलास?" हे म्हणाले. "मॅडम सांगतील तसं कर."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आगीसमोर नुसता उभा राहिला. फांदीवरची मूठ तेवढी आवळलेली. आग पट्ट्यापर्यंत आली, काठाकाठाने चाचपडली आणि खायला काही मिळेना तशी बसली. मग त्रिवेणीने माणसं पाठवून धुमसती लाकडं विझवून घेतली. मला इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला धुराचं निमित्त बरं सापडलं.

"हौ, पण वारा फिरला असता तर?" हे कुरकुरलेच.

"तर तुमची फांदी होतीच की, अप्पा."



परतताना ऑटोत फांदी ह्यांच्या मांडीवर होती. एरवी आगीनंतर ह्यांच्या हातात काळा दांडका उरायचा. हिचं एकही पान करपलं नव्हतं.

नारायणगुड्याच्या बाजाराशी मी ऑटो थांबवायला सांगितला. "उद्या पाडवा. गुढीला लिंब घ्यायचाय."

"नक्को," हे म्हणाले आणि फांदी माझ्या हातात दिली.