काळ्या दगडाचं नाव

तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला दगड काढला आणि टेबलावरचा कंगवा, चमचा बाजूला सारून तो वडिलांसमोर ठेवला. काळा, मुठीएवढा, एका कडेला फुटलेला.

"याचं नाव विचारून बघा."

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हा तपासणीत नाही."

"कंगव्या-चमच्यांशी त्यांचं कधी जमलंच नाही. चहा पेनने ढवळायचे. दगडांत राहून डोक्याचाही दगड झालाय, असं आई म्हणते. एकदाच विचारा."

अर्धांगाचा झटका आल्यापासून वडील एक शब्दही बोलले नव्हते. भूगर्भशास्त्र शिकवताना ज्यांना तास संपल्याची घंटा ऐकू येत नसे, ते आता तहान लागली तरी नुसते बघत राहायचे. आजही काही फरक दिसला नाही, तर उपचार थांबणार होते. रांगेत दुसरे रुग्ण होते. आई बाहेर बाकावर बसली होती. नवऱ्याने तोंड उघडावं आणि तसंच मिटावं, हे तिला बघवत नव्हतं.

"सर, हे काय आहे?"

वडिलांनी डाव्या हाताने दगड उचलला. फुटक्या कडेवरून अंगठा फिरवला. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"कसोटी," ते म्हणाले.

मुलीने टेबलाची कड घट्ट धरली.

"हा बेसाल्ट आहे ना?" बाई हळूच म्हणाल्या.

"बरोबर बोलले ते." तिचे शब्द एकमेकांवर आदळू लागले. "बेसाल्ट ज्यावरून आला, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच कसोटी. सोनं घासून बघायचा दगड. नक्कल करणाऱ्या कुणीतरी एका पोथीत तो चुकीचा उतरवला आणि त्या चुकीचाच बेसाल्ट झाला, असं मानतात. दर वर्षी पहिल्या तासाला हेच सांगायचे. त्यांना सगळं आठवतंय, बाई. लिहून घ्या."

बाईंनी काही लिहिलं नाही. त्यांनी चमचा उचलला.

"आणि हे, सर?"

"कसोटी."

मग मुलीनेच कंगवा उचलला, मनगटावरचं घड्याळ काढलं, खिडकीकडे बोट दाखवलं. "बाबा, हे? नीट बघा. हे काय?"

"कसोटी. कसोटी." तिसऱ्यांदा ते थांबले. आपण काय बोलतोय ते त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी मूठ टेबलावर आपटली. चमचा खाली पडला. डोळे भरून आले, पण पुसायला हात वर गेला नाही.

"कधी कधी एकच शब्द मागे राहतो," बाई म्हणाल्या. "मग सगळ्यासाठी तोच येतो."

"पण शब्द आला ना? मग पुढच्या आठवड्यात?"

"आमच्या निकषांत हे बसत नाही. वाईट मलाही वाटतं."

मुलगी खाली वाकली आणि वडिलांच्या पायात चप्पल सरकवू लागली. बोटं आखडलेली होती, अंगठा काही केल्या आत जाईना. तिने कपाळ त्यांच्या गुडघ्याला टेकवलं आणि तशीच राहिली. थोड्या वेळाने डोक्यावर हात आला.

"कसोटी," ते म्हणाले. या वेळी हळू, शेवटचं अक्षर जरा लांबवून. घरी आल्यावर दारातूनच ती कुठे आहे म्हणून विचारायचे, तसं.

"इथेच आहे, बाबा."

ती बाहेर आली तेव्हा आई उभीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळून पीळ घातलेला.

"बोलले?"

"बोलले."

"काय म्हणाले?"

मुलीने उत्तरासाठी तोंड उघडलं. आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तुला हाक मारतायत."

आईने पदराने तोंड पुसलं, केस सारखे केले आणि आत गेली. मुलगी दाराबाहेर भिंतीला टेकून राहिली. आतून तोच शब्द आला, एकदा, मग पुन्हा. ती आईच्या रडण्याची वाट बघत होती.

"अहो, आलेय ना," आई म्हणाली. "सांगा."