हवा गेली तरी पळणारा टायर

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा, नाहीतर हात काळे होतील. मी एक टायर आहे. पण उगीच नाक मुरडू नका. ज्याच्या-त्याच्या गाडीला बसणारा टायर मी नव्हतो.

साध्या टायरचा रुबाब हवा असेपर्यंतच. हवा गेली की बिचारा पापडासारखा चपटा होतो आणि गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. माझं तसं नव्हतं. कारखान्यात मला घडवलं तेव्हाच माझे दोन्ही गाल, म्हणजे बाजूच्या भिंती, जाड आणि कडक रबराने भरून घेतले होते. हवा पार निघून गेली तरी त्या गालांवर मी गाडी तोलून धरायचो. माझ्यासारख्यांना रनफ्लॅट म्हणतात. आमच्या भरवशावर, मी ज्या गाडीला होतो तिच्या डिकीत जादा चाकसुद्धा ठेवलेलं नव्हतं. एवढा मान कुणाला मिळतो सांगा!

सेलूचे किशनराव गुरुजी नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी पुण्याहून एक जुनी, मोठी गाडी आणली. तिच्या पुढच्या डाव्या बाजूला मी होतो. विकणाऱ्या माणसाने त्यांना नीट बजावलं होतं, "हवा गेली तर ऐंशीच्या आत वेग ठेवायचा आणि फक्त ऐंशी किलोमीटर जायचं. मग टायर उतरवून आतून तपासायचा." गुरुजींनी मान हलवली. पण त्यांच्या डोक्यात ऐंशी तेवढे राहिले, उतरवायचं राहून गेलं.

राणीसावरगावला लग्न होतं. परतताना मांडवाचा एक खिळा माझ्यात घुसला. थंडगार लोखंड अंगात शिरावं आणि आतली सगळी हवा फुस्स करून निघून जावी, हे माझ्यासोबत कधी झालंच नव्हतं. मी गारठलो. गुरुजींच्या समोर हवा कमी झाल्याचा, घोड्याच्या नालेसारखा पिवळा दिवा लागला. त्यांनी खाली उतरून मला पाहिलं. मी ताठ उभा! जराही चेपलेलो नव्हतो.

"सत्यशीला, बघ," ते बायकोला म्हणाले, "हवा न्हाई, तरी कसा उभाय!"

"बाई गं! एवढा तर तुमचा जावई बी उभा ऱ्हात न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

मला काय हुरूप आला! परभणीपर्यंतचे साठेक किलोमीटर मी गालांवर काढले. तिथे पंपावर गुरुजींनी हवा भरली, दिवा विझला, आणि ते खूश होऊन म्हणाले, "झाले पुन्हा ऐंशी!"

मित्रांनो, हेच ते दोन शब्द. पुन्हा ऐंशी. गुरुजींना वाटलं, मोबाइलसारखं असतं, संपलं की भरायचं. खिळा तसाच माझ्यात रुतलेला. हवा हळूहळू जायची, दिवा लागायचा, गुरुजी उरलेले किलोमीटर तोंडी मोजत पंप गाठायचे आणि पुन्हा ऐंशी म्हणायचे. महिनाभर हे चाललं. दर रविवारी ते मला चमकवायचं तेल लावायचे. मी नव्या नवरदेवासारखा दिसायचो. आत काहीतरी घासल्यासारखं व्हायचं, पण मी मनावर घेतलं नाही. कौतुक कानात असलं की दुखणं ऐकू येत नाही.

मग तो दिवस आला. गुरुजींची लेक माधवी हिची संभाजीनगरच्या एका दवाखान्यात मुलाखत होती, रक्त-लघवी तपासायच्या खोलीतल्या नोकरीची. दुपारी दीडची वेळ. तिघं सकाळी आठच्या आत निघाली. घराच्या बाहेर पडताच दिवा लागला आणि नेमकं पंपावरचं हवेचं यंत्र बंद. गुरुजींनी गाडी दैवशालाच्या पंक्चरच्या दुकानापुढे लावली. दैवशाला त्यांची जुनी विद्यार्थिनी. सासऱ्याच्या हाताखाली काम शिकली आणि आता दुकान तीच बघते.

"फक्त हवा भर गं, घाई हाय," गुरुजी म्हणाले.

दैवशाला माझ्यापाशी बसली. तिने माझ्या गालावर तळहात ठेवून दाबला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "गुरुजी, ह्याला खिळा हाय की! कधीपासून चालवायलात असं?"

"महिना झाला असंल. काळजी नको. हा बिनहवेचा ऐंशी किलोमीटर जातो. पहिल्याच दिवशी साठ गेला. हवा भरली की पुन्हा ऐंशी."

दैवशालाने हवेचा पाइप खाली ठेवला. "पुन्हा? हे कोण सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे?"

"आन् तुमी मला सातवीला गणित शिकवलं! ऐंशीतले साठ गेले, तर राहिले किती? हवा भरली म्हणून गेलेले साठ माघारी येत असतेत का? उतरवू द्या मला हे."

"बाई, शाळा मागून भरव," सत्यशीलाबाई गाडीतून ओरडल्या. "पोरीची मुलाखत हाय!"

"त्याच्यासाठीच उतरवायले, काकू."

मी मनात हसलो. मला उतरवणं म्हणजे गंमत नाही! यंत्र कण्हलं, दैवशालाने दोन टाम्या, म्हणजे लोखंडी पट्ट्या, लावल्या, अंगाचं वजन टाकलं, घामाघूम झाली. शेवटी मी चाकावरून सुटलो. तिने मला उभं करून आडवं केलं आणि माझ्या आतून काळी भुकटी भसाभस खाली सांडली.

मूठभर नाही हो. पसाभर! बायका दाताला लावतात त्या मिसरीसारखी, बारीक, काळीभोर.

माधवी खाली बसली, चिमूट उचलून तिने बोटांत चोळली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "रबर हाय हे."

मीही बघत होतो. ते माझे गाल होते. ज्यांच्या जोरावर मी ताठ उभा होतो, ते आतून दळून निघाले होते आणि ज्याचे ते गाल, त्या मलाच पत्ता नव्हता! बाहेरून मी चकचकीत. मला इतकी धडकी खिळ्यानेही भरवली नव्हती.

गुरुजी म्हणाले, "एक ठिगळ मार, दैवशाला. हळू नेतो. साठच्या वर जात न्हाई."

"खिळ्याचं भोक बुजवायला दोन मिनिटं लागतेत. पण ह्या साईडला ठिगळ कुठं मारू? सगळीच पिठागत झाली. पुढचं चाक हाय, गुरुजी. रस्त्यात फाटलं तर स्टिअरिंग तुमच्या हातात ऱ्हाणार न्हाई. माधवी कुठं बसायलीय? पुढंच ना, डाव्या बाजूला? ह्याच्याच वर?"

गुरुजींनी माधवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

मित्रांनो, खरं सांगतो, तोवर माझ्या मनात होतं की मला बसवा, मी नेतो. पण त्या पोरीच्या बोटांना लागलेली काळी भुकटी पाहिली आणि माझी घमेंड उतरली. मी तिला नेणार होतो खरा, पण कुठे, ते माझ्या हातात राहिलं नव्हतं.

"गाडी जाणार न्हाई," गुरुजी म्हणाले.

"मग काय मुलाखत सोडायची?" सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, साडेआठची रेल्वे हाय," माधवी म्हणाली. पिशवी तिने आधीच खांद्याला लावली होती. दैवशालाने स्कूटी काढली, तिला मागे घेतलं आणि दोघी स्टेशनाकडे सुटल्या. अर्ध्या तासाने दैवशाला एकटीच परतली.

"रेल्वे मिळाली," ती धापा टाकत म्हणाली. "दारातच उभी हाय, पण मिळाली."

मग ती माझ्याकडे वळली. "ह्याला असाच टाकला तर कुणीतरी नेऊन दुसऱ्या गाडीला बसवंल. वरून तर नवाच दिसायलाय."

"सुरी दे," गुरुजी म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या गालावर वीतभर चीर पाडली. मला राग आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. मग ते बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "बाकीचे तीन बी उतरव. आत बघितल्याशिवाय मी हितून हलत न्हाई."

मित्रांनो, गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी माझे लाड केले, पण सगळे बाहेरून. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. दिवा लागला की तो विझवायची घाई करू नका. का लागला ते विचारा. आणि कुणी न बोलता तुमचं ओझं वाहत असेल, तर तो ताठ उभा आहे एवढ्यावर जाऊ नका. थांबा, खाली उतरा, त्याला हात लावून बघा. आमच्यासारख्यांना तोंड नसतं, आणि असलं तरी कौतुकापुढे आम्ही ते उघडत नाही.